हातकाटा

१

थोरला काट्यावर वाकून बसला होता, म्हणून त्याच्या बायकोनं त्याला हाक मारली नाही. त्या घराची रीतच तशी होती. वजन तोलताना कुणी बोलायचं नाही, दार वाजवायचं नाही, हाक आलीच तर ओ द्यायची नाही. ती चहाचा कप घेऊन कामाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. चहावर साय धरली तेव्हा कुठे तिला शंका आली.

"मला वाटलं, फारच नाजूक काम असेल," ती मला सांगत होती. "आवाज नको म्हणून मी कप-बशी घट्ट धरून उभी. आणि हे... हे तर कधीच गेले होते हो, मॅडम."

विजेच्या अपघातांची तपासणी करणं हे माझं सरकारी काम. आयुष्य गेलं त्यात, पण अशा वेळी माझी जीभ अजूनही टाळ्याला चिकटते आणि मग मी उगाच कशावर तरी खेकसते. त्या दिवशी पिशवीच्या अडकलेल्या चेनवर खेकसले.

डॉक्टर आधी हृदयविकार म्हणाले होते. मग त्यांना थोरल्याच्या अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर, समोरासमोर, तिळाएवढे दोन भाजल्याचे डाग दिसले आणि प्रकरण माझ्या गळ्यात आलं.

डाग कसले ते खोलीत पाऊल टाकताच कळलं. घराचा धंदा वजनकाटे तपासण्याचा. तपासायची वजनं बोटांनी धरायची नसतात, हाताचा घाम लागला तरी त्यांचं वजन बदलतं. थोरला ती स्टीलच्या चिमट्यानं उचलायचा. चिमट्याचं टोक काट्याच्या पारड्याला लागलं आणि करंट त्याच्या अंगातून जमिनीत गेला. जमीन ओली होती आणि पाय अनवाणी. धूळ उडू नये म्हणून कामाआधी फरशी ओल्या फडक्यानं पुसायची आणि चपला दाराबाहेर काढायच्या, हीसुद्धा रीतच. माणसं कामाला इतकं जपतात आणि जिवाला... जाऊ दे.

पण एक गोष्ट काही केल्या जुळेना. तो काटा एका सोनाराचा, तपासायला आलेला, आणि चालत होता साध्या सेलवर. भिंतीतून त्याला वायरच नव्हती. मग माणूस मरेल एवढा करंट आला कुठून?

काट्यातून एकच केबल निघत होती, करंगळीहून बारीक. काट्यावरचे आकडे ती शेजारच्या कॉम्प्युटरला पोचवायची. मी पायाखाली रबरी चटई घातली, मेन स्विच चालू केला आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. कॉम्प्युटर मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालत होता.

"ह्याच्या पोटात पॉवर सप्लायचा डबा असतो," मी त्या घरच्या सुनेला, थोरल्याच्या बायकोला म्हटलं. "भिंतीतली वीज तो कमी करून कॉम्प्युटरला सोसेल एवढीच पुढे देतो. चांगला डबा बिघडला तर मुकाट बंद पडतो. ह्यानं बंद पडायचं सोडून सगळ्या पत्र्यात वीज सोडली. तुमच्या भिंतीतली अर्थिंगची तार गंजून तुटलीय, त्यामुळे तिला जमिनीत जायला वाट मिळाली नाही. पत्र्यातून केबलमध्ये आली, केबलमधून काट्यात."

ती ऐकत होती की नाही कोण जाणे. जरा वेळानं म्हणाली, "मी ओरडले तशी भाऊजी, ह्यांचे धाकटे भाऊ, धावत आले. मी ह्यांना धरायला पुढे झाले तर केवढ्यानं अंगावर ओरडले, 'वहिनी, हात लावू नका!' आणि आधी जाऊन मेन बंद केला." तिनं माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरांना कळलं नाही, मॅडम. मग भाऊजींना नुसतं बघून कसं कळलं?"

२

सासरे पुढच्या दुकानात बसले होते. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, बाजारात त्यांचं नाव 'हातकाटा'. वस्तू तळहातावर घ्यायची, डोळे मिटायचे आणि वजन सांगायचं. मोठमोठे सोनार आपला काटा खरा की खोटा हे ह्यांच्या हाताला विचारून जायचे. जे पास झालं त्यावर बाबा मेणाच्या लाल पेन्सिलीनं एक बारकी खूण करत. दुकानभर त्या खुणा होत्या. वजनांच्या पेट्यांवर, तराजूच्या दांड्यांवर, साखरेच्या डब्यावर, आणि मी बसले त्या स्टुलावरसुद्धा.

"हेही पास का?" मी विचारलं.

"बसा, बसा. मोडलं तर तुमच्यात खोट," बाबा म्हणाले. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. मग त्यांना आठवलं की घरात मुलगा गेलाय, आणि चेहरा पडला.

त्यांनी माझी पिशवी उचलून तळहातावर घेतली. डोळे मिटले. "पक्कड आहे. मीटर आहे. जेवणाचा डबा भरलेलाच आहे. आधी जेवून घ्या, पोरी."

मला सगळे घाबरतात. पोरी म्हणून गेल्या कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. मी लगेच कामाचं विचारलं, "कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय कुणी आणला?"

"पहिला धाकट्यानं आणला, त्या कॉम्प्युटर-दुरुस्तीवालीकडून. हातात घेतला तर पिसासारखा हलका! म्हटलं, गाढवा, तुला गंडवलं. जा, परत देऊन ये. मग मी स्वतः गेलो त्याला घेऊन सुट्या भागांच्या गल्लीत. ढिगातला एकेक डबा हातात घेतला आणि सगळ्यात वजनदार निवडला. आत तांबं असेल, लोखंड असेल, तर वजन येणारच ना! माणूस खोटं बोलतो, वजन बोलत नाही. तिथंच खूण केली, ह्याच्या हातात दिला आणि म्हटलं, बसव."

"म्हणजे तुम्ही निवडलेल्या डब्यानंच..."

"तो डबा नव्हेच!" बाबांचा आवाज चढला. "डॉक्टरांनी डाग दाखवले तेव्हाच मी कॉम्प्युटर उघडायला लावला आणि वाकून बघितलंय. त्या डब्यावर माझी खूण नाही. ह्यानं माझा डबा विकून खाल्ला आणि कुठला तरी कचरा आत बसवला. आदल्या दिवशी दोघा भावांचं वाजलं होतं. का, ते मला कुणी सांगितलं नाही. आता समजतंय."

"त्याला विचारलंत?"

"विचारलं. खाली मान घालून उभा राहतो. निरपराध माणूस असा उभा राहतो होय?" बाबांनी दाराकडे बोट केलं. "तुमचा निकाल येऊ दे. डबा बदललाय एवढं तुम्ही म्हणालात की सून पोलिसांत जाईल, आणि हा ह्या घराबाहेर. बॅग भरून ठेवायला सांगितलीय."

दाराशी खरंच एक बॅग होती. तिच्याशेजारी पायरीवर धाकटा बसला होता, तिशीचा असेल, दाढी वाढलेली. आमचं बोलणं त्यानं अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"डबा बदललास?"

त्यानं बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला.

"अरे, हो म्हण नाहीतर नाही म्हण! तोंडात काय मूग आहेत?"

"तुम्हाला काय वाटतं ते लिहा," तो म्हणाला आणि उठून मागच्या अंगणात गेला.

३

दुरुस्तीवालीचं दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि उघड्या पडलेल्या मशिनींचा ढिगारा. स्वतः बाई पन्नाशीची, केसांच्या अंबाड्यात स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी दुकानाचं दार लोटून घेतलं.

"मी विकलेला माल चोख होता," ती म्हणाली. "तोच परत आला. कारण विचारलं तर लाजून म्हणाला, 'घरी हलका वाटला.' मला हसूच आलं. म्हटलं, अहो, तो काय कलिंगड आहे का? बरा डबा हलकाही असू शकतो. आत काय आहे ते बघायचं असतं."

"मग त्यानं दुसरीकडून स्वस्तातला घेतला, आणि वरचे पैसे खिशात घातले. त्याच्या घरी असंच म्हणतात."

"कोण म्हणतं?" बाई एकदम उसळली. "अहो, तो परत आला होता माझ्याकडे! त्याचा भाऊ जायच्या आदल्याच दिवशी. म्हणाला, 'मी परत दिलेला तो डबा द्या. माझ्या खर्चानं नेतो, घरी सांगू नका.' तो तर मी विकून टाकला होता. म्हटलं, उद्या मागवून देते. तर ऐकेना. आत्ताच पाहिजे. दादाला काट्याला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, डबा बदलेपर्यंत मशीन बंद ठेवा, कुणी हात लावू नका. तो म्हणाला, दादाला सांगून बघतो, पण सोनाराचं काम अडलंय." तिनं टेबलाखालून एक नवा, सील न फोडलेला खोका काढून माझ्यापुढे ठेवला. "दुसऱ्या दिवशी मी मागवून ठेवला. तो आलाच नाही. मला राग आला होता हो त्याचा. वाटलं, गिऱ्हाईक असंच, तोंडाला पानं पुसून गेलं."

खोक्यावर तिनं हात फिरवला आणि डोळ्याला पदर लावला. मी तिथून निघाले तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. भावाभावांचं वाजलं ते ह्यावरून. 'मशीन बंद ठेव' म्हणून धाकटा थोरल्याच्या मागे लागला होता. मेन आधी बंद करायचा हे त्याला कळलं तेही ह्यावरूनच. मग हा पोरगा घरात एवढे आरोप मुकाट का ऐकून घेतोय? आणि हा माणूस पापभीरू असेल, तर डब्यावरची खूण गेली कुठे?

४

कॉम्प्युटरमधून काढून आणलेला तो डबा मी ऑफिसात माझ्या टेबलावर घेतला आणि खोलला.

माझ्या हाताखालून बरेच जळके, भिकार डबे गेलेत, पण हा पाहून माझं डोकं सणकलं. बाहेर सोनेरी लेबल, त्यावर जगातली सगळी प्रमाणपत्रं छापलेली. आत फ्यूजच्या जागी एक साधी तार चिकटवलेली, म्हणजे काही झालं तरी हा डबा बंद पडणारच नाही, मारेल पण बंद पडणार नाही. भिंतीतली वीज आणि पत्रा ह्यांच्यामध्ये बोटभर तरी अंतर लागतं. इथे नुसती पातळ पिवळी चिकटपट्टी होती. तापून तापून ती वितळली होती.

आणि तळाशी, कोपऱ्यात, एक राखाडी ठोकळा होता. वापरून अर्धा झालेल्या साबणाएवढा. त्याला ना वायर जोडलेली, ना त्यातून वायर निघालेली. मला आधी वाटलं, काहीतरी नवीन भाग असेल. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं तर पांढरट भुकटी पडली.

सिमेंट होतं.

मी खुर्चीत मागे टेकले. विजेच्या डब्यात सिमेंटचं काय काम? काहीही नाही. ते ना वीज अडवत, ना देत. ते फक्त एकच काम करतं, जड असतं. म्हणजे कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी शांत डोक्यानं बसून विचार केला, की गिऱ्हाईक डबा हातात घेऊन बघतं, आणि हलका लागला तर ठेवून देतं. तर फ्यूज काढा, तांबं काढा, आणि त्या वाचलेल्या जागेत सिमेंट भरा. मेल्यांनो, मी मोठ्यानं म्हणाले, तुमचे हात झडोत. शेजारच्या टेबलावरचे साहेब दचकून माझ्याकडे बघायला लागले.

तो ठोकळा हातासाठी ठेवला होता. आणि सगळ्या बाजारात हातावर असा जीव टाकणारा माणूस मला एकच माहीत होता. त्यानं ढिगातला एकेक डबा उचलून सगळ्यात जड निवडला होता.

पण मग खूण? मी डबा उलटा केला. पत्र्यावर सगळीकडे धुळीचं पातळ पांघरूण होतं. एका कोपऱ्यात मात्र अंगठ्याएवढी जागा पुसून चकचकीत केलेली. शेजारच्या स्क्रूच्या खाचेत मी भिंगातून पाहिलं. आत किंचित गुलाबी मेण अडकलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून सून आत आली. धापा टाकत होती. तिनं पर्समधून एक कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. आत वजनं पुसायचं पांढरं मऊ फडकं होतं आणि त्यावर लालसर डाग.

"भाऊजींच्या शर्टाच्या खिशात मिळालं," ती म्हणाली. "त्याच दिवशीचा शर्ट. रक्त आहे ना हे? माझ्या नवऱ्याचं?"

५

मी फडकं नाकाशी नेलं. ऑफिसात मला माझ्या पाठीमागे 'नाक' म्हणतात, ते काही उगाच नाही. रक्ताचा वास मला ओळखू येतो. ह्याला मेणबत्तीचा आणि स्पिरिटचा वास होता.

"रक्त नाही हे," मी म्हटलं. "घरी जा. उद्या मी येते आणि सगळ्यांसमोर सांगते."

"भाऊजींनीच केलं ना?"

"घरी जा म्हटलं ना!" मी खेकसले, आणि ती बिचारी गेली. मला स्वतःची लाज वाटली, पण ते ऐकायला ती तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आधी मागच्या दारानं अंगणात गेले. धाकटा नळाखाली तांब्या विसळत होता. मी फडकं त्याच्यासमोर धरलं. तांब्या भरून वाहायला लागला तरी त्यानं नळ बंद केला नाही.

"डबा तू बदललाच नाहीस," मी म्हटलं. "बाबांनी निवडला तोच तू बसवलास. दादा गेल्यावर, आम्ही कुणी यायच्या आत, तू कॉम्प्युटर उघडलास आणि त्यावरची लाल खूण स्पिरिटनं पुसलीस. का, तेवढं सांग."

तो खालीच बसला, ओल्या फरशीवर.

"बाबा वाकून बघणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "खूण दिसली असती तर त्यांना कळलं असतं, की दादाला... की त्यांच्याच हातानं... मॅडम, लहानपणी मला आणि दादाला ते डोळे मिटून वजनं ओळखायला लावायचे. दादाला जमायचं. मला कधीच नाही. 'लाकडाचा हात' म्हणायचे मला. त्या गल्लीत मी म्हटलं होतं, बाबा, हा नको, हा फार स्वस्त आहे. ते चारचौघांत म्हणाले, लाकडाच्या हातानं बोलू नये. मी गप्प बसलो. मी तेव्हा गप्प बसलो नसतो तर आज दादा असता."

"आणि झिणझिण्या यायला लागल्यावर?"

"दादाला सांगितलं, बंद ठेव. तो म्हणाला, बाबांनी पास केलाय, उगाच घाबरतोस. आमचं भांडण झालं. मी म्हटलं, उद्या चांगला आणून गुपचूप बदलतो. उद्याच म्हटलं मी." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी नळ बंद केला. अशा वेळी माझ्यासारख्या बाईला दुसरं काही सुचत नाही.

"तुरुंगात जाशील तू, गाढवा," मी हळू म्हटलं.

"जाईन. मी कुठेही राहू शकतो. दादा तर गेला, तो काही परत येणार नाही. बाबा आहेत. तो हात हेच त्यांचं सगळं आहे हो. तो खोटा ठरला तर ते जगतील का? तुम्ही काही सांगू नका. हवं तर तुमच्या पाया पडतो."

"पाया-बिया पडू नकोस," मी म्हटलं. "बघते."

मी मनाशी ठरवलं. सिमेंटचा ठोकळा मी डब्यातून सोडवून पिशवीच्या तळाशी टाकला होता, तो तिथेच राहू द्यायचा. कागदावर जे लिहायचं ते खरंच लिहीन, ते ह्या घरात कुणी वाचणार नाही. घरच्यांना एवढंच सांगायचं की डबा मुळातच वाईट होता, बदलला की नाही ते कळायला मार्ग नाही, आणि घरातलं कुणीही दोषी नाही. म्हाताऱ्याचा हात वाचेल आणि पोरगाही वाचेल, असा माझा हिशेब होता. किती शहाणी मी!

६

आम्ही कामाच्या खोलीत जमलो. सून भिंतीला टेकून उभी होती, धाकटा दाराशी, बॅगेजवळ. बाबा थोरल्याच्या जागेवर बसले होते. मी ठरवलेलं बोलले, आणि बरं बोलले असं मला वाटलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हात पुढे केला.

"डबा द्या इकडे."

"बाबा, कशाला आता..."

"द्या म्हणतो ना! खूण पुसता येईल, वजन कसं पुसतील?"

मी डबा दिला. दुसरं काय करणार? बाबांनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटले. त्या खोलीत सगळ्यांनी सवयीनं श्वास रोखला, आणि मीही. त्यांचा हात किंचित खाली-वर झाला. मग त्यांनी डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत सुटका होती.

"हा तो नव्हे," ते म्हणाले. "माझा डबा ह्याच्याहून भारी होता. चांगलाच भारी. सूनबाई, ऐकलंस? डबा बदललाय ह्यानं. माझा हात कधी चुकला नाही आणि आजही चुकत नाही."

सुनेनं तोंडाला पदर लावला. "भाऊजी," ती म्हणाली, "सख्ख्या भावाचा केसानं गळा कापलात? मी तुम्हाला हातानं वाढत होते हो."

मी धाकट्याकडे पाहिलं. बोल रे, बोल, मी मनातल्या मनात म्हणत होते. त्यानं बॅग उचलली.

"हो," तो म्हणाला. "मी बदलला."

आणि तिथे माझा सगळा शहाणपणा गळून पडला. ज्या दयेपायी मी तो ठोकळा लपवला, तीच त्या पोराला फासावर नेत होती. म्हाताऱ्याचा हात बरोबरच होता. तो बरोबर होता हीच तर पंचाईत होती!

"ठेव ती बॅग खाली," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. मी पिशवीत हात घातला, ठोकळा काढला आणि बाबांच्या हातातल्या डब्यावर ठेवला.

"आता सांगा, बाबा."

त्यांचा हात खाली गेला, आणि मग तिथेच राहिला. ह्या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. कितीतरी वेळ ते त्या राखाडी ठोकळ्याकडे बघत राहिले.

"हा तोच," ते म्हणाले.

मग ठोकळा नखानं खरवडला, बोटाला लागलेली भुकटी पाहिली. "सिमेंट आहे हे."

"तुमची चूक नाही, बाबा," मी म्हटलं. "त्या नालायकांनी गिऱ्हाइकाला फसवायलाच..."

"माझ्यासारख्याला," बाबा म्हणाले. "बाकीचे लोक डबा उघडायला सांगतात, विचारतात. मी हातात घेतला." त्यांनी मान वर केली. "खूण तू पुसलीस?"

धाकट्यानं होकारार्थी मान हलवली.

"माझ्यासाठी?"

तो रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, लहान मुलासारखा हुंदके देऊन. "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, बाबा. तुमचा राग आला असता तरी बोलायला हवं होतं."

"बोललास तू. मी ऐकलं नाही," बाबा म्हणाले.

सून भिंतीपासून दूर झाली. मला वाटलं, ती आता म्हाताऱ्याला काहीतरी बोलेल, आणि तिला तो हक्कही होता. ती दाराशी गेली, धाकट्याच्या हातातून बॅग घेतली आणि आतल्या खोलीत ठेवून आली. परत येऊन ती त्याच्याशेजारी उभी राहिली. "मला माफ करा, भाऊजी," ती म्हणाली, आणि मग तिलाही रडू आवरेना. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोकळेपणानं रडत असावी.

बाबांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. डबा उलटा केला, पुसलेली चकचकीत जागा बोटानं चाचपून शोधली आणि तिथे होती तशीच खूण पुन्हा केली. नीट, सावकाश.

"आता पुसू नकोस," ते धाकट्याला म्हणाले. "मी पास केलेला आहे तो."

पेन्सिल त्यांनी टेबलावर ठेवली. खिशात परत घातली नाही.

मी डबा आणि ठोकळा गोळा केला. भिंतीतली अर्थिंगची तार बदलून घ्या, दुरुस्तीवालीकडे एक नवा डबा तुमच्या नावानं पडून आहे, असलं काहीतरी बडबडले. कुणी ऐकत नव्हतं. निघायला म्हणून मी माझी पिशवी उचलली. ठोकळ्यानं ती जड झाली होती. ते पाहून बाबांचा हात सवयीनं पुढे आला, तळवा वर करून.

मग तो मध्येच थांबला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, तो हळूच मागे घेतला आणि मांडीवर दुसऱ्या हाताखाली ठेवला. धाकट्यानं डोळे पुसले आणि माझी पिशवी दारापर्यंत आणून दिली.